वसुलीला या, पण दिवसा या आणि कागद घेऊन या

प्रति,
क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांचे वसुली विभागप्रमुख
आणि त्यांच्यासाठी सोलापुरात काम करणाऱ्या वसुली एजन्सींचे चालक

विषय : थकलेल्या कार्डाची वसुली आमच्या दारात ज्या तऱ्हेने होते तिच्याबद्दल

महोदय,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घराच्या माडीवर सहा मशीन टाकली आहेत, शाळांचे युनिफॉर्म शिवून देते. तुमच्यापैकी एका बँकेचं माझ्याकडे देणं होतं, त्यातलं थोडं अजून आहे. ते मी कधी नाकारलं नाही. "मी पैसे घेतलेच नाहीत" असं एकाही फोनवर म्हटलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्यासारख्यांचं नाव तुमच्या यादीत गेलं की पहिला समज हाच होतो, ही बाई बुडवायला बसली आहे.

मागच्या गुरुवारी आमच्या बोळात पाणी आलं. सोलापुरात नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, आणि आला की बायका हातातलं काम टाकून हंडे, घागरी, ड्रम घेऊन बाहेर पडतात. रात्रीचे पावणेआठ झाले असतील. मोटारसायकलवरून दोन मुलं आली. माझ्याकडे काज-बटण करायला एक बाई येते, तिचं नाव घेऊन त्यांनी बोळाच्या तोंडाशीच विचारलं, "ते क्रेडिट कार्डवाल्या बाई कुठं राहतात?" दारात गेल्यावर एकाने मोबाईलमध्ये बघून रक्कम मोठ्याने वाचली. ४६ हजार आणि वर काहीतरी. तिच्या हंड्यात नळाचा पाइप सोडलेला होता. हंडा भरला, पाणी पायरीवरून बोळात वाहायला लागलं, तरी ती जागची हलली नाही. शेवटी पलीकडच्या अक्कांनी जाऊन तोटी बंद केली. चार दिवसांनी आलेलं पाणी आमच्याकडे कुणी असं वाहू देत नाही. तिच्या नवऱ्याला कार्डाचं ठाऊक नव्हतं. त्यालाही तो आकडा सगळ्या बोळाबरोबर तिथेच कळला.

शुक्रवारी ती कामाला आली नाही, शनिवारीही नाही. रविवारी मी तिच्या घरी गेले तेव्हा कळलं की तिने एका खाजगी सावकाराकडून दहा हजार उचलले. शेकडा दहाने. महिन्याला शेकडा दहा. त्यातले आठ हजार तिने त्या मुलांनी पाठवलेल्या मोबाईल नंबरवर टाकले होते. पावती नाही, पत्र नाही, एक "ओके"चा मेसेज तेवढा होता.

म्हणून हे पत्र. माझ्याशी हेच झालं तेव्हा मी कुणाला बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर ती बाई रविवारी घरात तोंड लपवून बसली नसती, असं मला सारखं वाटतं आहे.

आमचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला सांगायला हवं. दिवाळीनंतर नमुने ठरतात. जानेवारी-फेब्रुवारीत कापडाचे तागे आणायचे, सूटिंगचे आणि शर्टिंगचे, आणि तिथे उधारी फार चालत नाही. मग मे अखेरपर्यंत कटिंग, शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण, प्रेस, पॅकिंग. माडीवर पत्रा आहे, एप्रिलमध्ये दुपारी मशीनच्या लोखंडाला हात लावता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे पाचला बसतो. जूनमध्ये शाळा उघडतात, दुकानदाराचा माल खपतो, आणि आमचे पैसे जुलैत, ऑगस्टमध्ये, कधी गणपती आल्यावर येतात. सोलापूरचे युनिफॉर्म परराज्यांत जातात, तिकडचे पैसे त्याहून उशिरा. म्हणजे पैसा जातो फेब्रुवारीत आणि परत येतो सहा महिन्यांनी. तुमचं बिल मात्र दर महिन्याला येतं.

२०२० ला शाळा बंद झाल्या. त्या काळात माझ्या बांगड्या आणि पाटल्या गेल्या, आणि दोन मशीनही विकली. २०२२ ला शाळा नीट सुरू झाल्या, ऑर्डरी परत आल्या, आणि माझ्याकडे कापडाला पैसे नव्हते. बँकेत कर्ज मागायला गेले तर तीन वर्षांचे रिटर्न मागितले. दोन वर्षं कमाईच नव्हती, रिटर्न कुठले आणू? त्याच सुमारास एक मुलगी कार्ड घेऊन घरी आली. फॉर्म तिनेच भरला, सही मी केली. पहिली दोन वर्षं मी पै न् पै वेळेवर भरली. मग परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकवले. आधी पुढच्या महिन्यात म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. कार्डावर ८४ हजार राहिले.

मी किमान रक्कम भरत राहिले. माझ्या कार्डावर ती ५ टक्के होती, म्हणजे ४,२०० रुपये. आपण दर महिन्याला चार हजार भरतोय म्हणजे देणं उतरतंय, असं मला वाटायचं. एक दिवस ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर हिशेब मांडला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,९४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५२९ रुपये. ४,२०० मधून हे दोन वजा जाता मुद्दलात पडतात ७३१ रुपये. मी तो आकडा तीनदा करून बघितला. शिवाय आधीचं पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. किमान रकमेवर राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते, असा इशारा बिलावर छापायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या बिलावर तो होता, इंग्रजीत होता, आणि मी तो कधी वाचला नव्हता. ती चूक माझी. पण सोलापुरातल्या शिलाईवाल्या बाईला कार्ड विकायला मराठी बोलणारी मुलगी पाठवता, तर इशाराही मराठीत छापायला काय हरकत आहे?

पुढे ४,२०० भरणंही जमेना. अकरा महिन्यांत ८४ हजारांचे १ लाख ३१ हजार झाले.

व्याजाच्या दरावर मी भांडत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वर्षाला ४२ टक्के पडणारा दर लावायची मोकळीक तुम्हाला कायद्याने आहे, ती मला मानावीच लागेल. माझं म्हणणं एवढंच, की मग त्याच कायद्याचं दुसरं पानही तुम्ही माना. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने लिहिलं आहे की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, निनावी फोन करायचे नाहीत, सारखे सारखे फोन करायचे नाहीत. चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांच्या, ओळखीच्यांच्या खाजगी आयुष्यात शिरायचं नाही. २४ एप्रिल २००८ चं परिपत्रक तर त्याहून जुनं आहे. कोणती एजन्सी येणार हे बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, आणि येणाऱ्या माणसाजवळ ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि त्या नोटिशीची प्रत असायची, असं त्यात आहे. एजंट बाहेरचा नेमला म्हणून बँकेची जबाबदारी संपत नाही, हेही त्यात आहे. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

माझी वही तुम्हाला दाखवायची फार इच्छा आहे. ऑर्डरची वही, डावीकडे शाळेचं नाव आणि साइजनुसार नग, आणि मागच्या बाजूने मी फोन लिहायला लागले. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. एका दिवसात सत्तावीस नोंदी आहेत. पहिली सकाळी ६.५० ची, शेवटची रात्री ९.४० ची. त्यातले निम्मे हिंदीतून, कुठल्या तरी लांबच्या गावातून. आधी "मॅडम" म्हणायचे, तिसऱ्या वाक्याला एकेरीवर यायचे. एक जण म्हणाला, "मंगळसूत्र आहे ना गळ्यात? ते विका." माझ्या सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या, फोन स्पीकरवर होता. त्यांनी निवडलेली मेथी परत सुपात टाकली आणि उठून आत गेल्या.

फोनवाल्यांचं बोलणं मी सोसलं असतं. पण पुढे जे झालं त्याने तुमचंच नुकसान झालं, ते जरा नीट वाचा. माझ्या फोनमधले नंबर कुठून मिळाले देव जाणे, पण त्यांनी मला ऑर्डर देणाऱ्या दुकानदाराला फोन केला. नवी पेठेतलं दुकान, बारा वर्षांचा व्यवहार, एका शर्टाचा कधी वाद नाही. त्याला सांगितलं, ही बाई थकबाकीदार आहे, हिच्यावर केस होणार आहे. त्याने मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, यंदा राहू द्या. माझं कापड तुमच्याकडे पडून असतं, उद्या कुणी येऊन उचलून नेलं तर मी कुणाला विचारू?" त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. त्या हंगामात माझी ११०० जोड्यांची ऑर्डर गेली. जी ऑर्डर शिवून मी तुमचे हप्ते भरणार होते, ती तुमच्या माणसाच्या एका फोनने गेली. माझी कमाई बंद करून माझ्याकडून पैसे निघणार कसे, हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

मग व्हॉट्सअॅपवर एक कागद आला. वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का, लाल अक्षरांत "अटक वॉरंट", आणि सोबत आवाजी निरोप, की पोलीस घेऊन येतो आणि मशीन उचलून नेतो. त्या रात्री मी मशीनजवळच झोपले. खरंच झोपले, माडीवर चटई टाकून.

दुसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयात गेले. तिथे विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे, आणि ते मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी तो वॉरंटचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "याच्यावर ना केस नंबर, ना कोर्टाचं नाव. कोर्टाचं समन्स असं व्हॉट्सअॅपच्या चित्रात येत नाही." मग त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता उघडली, १९०८ ची, आणि माझ्यासमोर बोट ठेवून वाचून दाखवली. कार्डाचं देणं हा दिवाणी मामला. बँकेने दावा लावायचा, कोर्टाने दोघांचं ऐकायचं, हुकूमनामा झाला तर मग जप्ती. आणि जप्तीतही कलम ६० प्रमाणे काही गोष्टींना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण. धर्माच्या रिवाजाने बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. आणि कारागिराची हत्यारं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, ते कलम ५६.

मंगळसूत्र, मशीन आणि अटक. फोनवर मला ज्या तीन गोष्टींची भीती घातली होती त्या तिन्हींचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. मी वकीलबाईंच्या टेबलापाशी रडले. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, चेक दिला असेल आणि तो परतला तर गोष्ट वेगळी, त्यात फौजदारी होते, खात्यातून आपोआप कापायची मंजुरी दिली असेल आणि ते परतलं तरीही होते. तेव्हा कुणी घाबरवलं म्हणून कोरा चेक देऊ नका. माझ्याकडे तर मागितलाच होता, दोन कोरे चेक.

२००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावलं आहे की वसुली कायद्याच्या मार्गानेच करायची, गुंड पाठवून नाही. तुमच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जातं का? वसुलीच्या माणसाला आधी प्रशिक्षण लागतं असा नियम आहे. माझ्या दारात आलेल्या मुलाला मी तेच विचारलं होतं.

तो मुलगा बावीस-तेवीसचा असेल. माझी नजर सवयीने त्याच्या शर्टावर गेली. कॉलरची शिलाई उसवली होती, आतलं कॅनव्हास दिसत होतं, आणि तिसऱ्या बटणाच्या जागी टाचणी. आवाज चढवून बोलत होता, पण बोळाकडे पाठ करायला बघत होता. मी म्हटलं, "बाळा, तुझं ओळखपत्र दाखव आणि बँकेचं पत्र दाखव." त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. आवाज उतरला. म्हणाला, "काकू, वसूल झालं तरच मला मिळतात. महिन्याचं टार्गेट झालं नाही तर पेट्रोलसुद्धा अंगावर पडतं." मी त्याला पाणी दिलं. प्यायला आणि गेला, आणि तीन दिवसांनी दुसरा आला.

त्या मुलांवर माझा राग नाही. ती आमच्याच पेठांतली आहेत. त्यांच्या आया विड्या वळतात, कुणाचा बाप यंत्रमागावर आहे. तुम्ही त्यांना कागद देत नाही, पगार देत नाही, फक्त आकडा देता, आणि त्या आकड्यामागे त्यांना दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं करता. उद्या पोलिसांत गेलं तर नाव त्या मुलाचं लागतं. धमकी दिली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ त्याला लागतं, पोलीस असल्याचं सोंग केलं तर २०४ त्याला लागतं. तुमचं नाव कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं.

आता सावकाराचं. आमच्या भागात प्रत्येक गल्लीत एक तरी आहे. वही नाही, परवाना नाही, दारात चप्पल काढून बसतो आणि आठवड्याला येतो. तुमच्या माणसाने बोळात नाव घेतलं की त्या रात्रीच बाई त्याच्याकडे जाते, कारण तिला पैशाआधी तो आवाज बंद करायचा असतो. तुमच्या ४२ टक्क्यांचं देणं ती त्याच्या १२० टक्क्यांत नेऊन टाकते. तुमच्या कागदावर त्या महिन्याची वसुली चांगली दिसत असेल. चार महिन्यांनी ती बाई तुमचंही भरू शकत नाही, त्याचंही नाही. विनापरवाना सावकारी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, आणि आमच्या बाईला घेऊन मी तिथे जाणार आहेच. पण तिला तिथवर ढकललं कुणी, हे तुम्ही बघायला हवं.

माझं पुढे काय झालं तेही सांगते. मी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार केली, वहीच्या पानांचे फोटो जोडून. वकीलबाईंनी सांगितलं होतं की तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण एजन्सीकडे द्यायचं नसतं, २००८ च्या त्याच परिपत्रकात तसं आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट, वकील न लावता. एकात्मिक लोकपाल योजना ती, चौकशीचा नंबर १४४४८. माझ्यावर ती पाळी आली नाही. सव्विसाव्या दिवशी बँकेतून एका अधिकाऱ्याचा फोन आला, सकाळी अकराला, मराठीत, स्वतःचं नाव सांगून. एवढ्या महिन्यांत नाव सांगून बोललेला तो पहिला माणूस. त्यांनी लोक अदालतीत बसायचं सुचवलं.

मार्चमध्ये लोक अदालत झाली. मला तिथे बसायला खुर्ची दिली. बँकेचा माणूस माझ्या शेजारीच बसला होता, समोर पॅनेल. कुणाचा आवाज चढला नाही. मी वही काढली आणि माझा हंगाम सांगितला, पैसे कधी येतात ते सांगितलं. बँकेचा माणूस म्हणाला, आमच्या सिस्टीममध्ये हप्ते समान असतात. पॅनेलवरच्या बाईंनी विचारलं, "समान हप्ते हवेत की पैसे हवेत?" मग ७८ हजारांवर मिटलं. पहिले दोन हप्ते १५-१५ हजारांचे, एप्रिल आणि मेचे. शेवटचे दोन २४-२४ हजारांचे, जुलै आणि ऑगस्टचे, कारण तेव्हा दुकानदारांचे पैसे येतात. चाळीस मिनिटं लागली असतील. अकरा महिन्यांत सत्तावीस-सत्तावीस फोनांनी जे झालं नाही ते चाळीस मिनिटांत झालं. लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा सही करण्याआधी नीट ऐकून घ्या, असंही त्यांनी बजावून सांगितलं. तडजोड केल्यामुळे माझ्या सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडेल आणि पुढे कर्ज मिळणं अवघड जाईल, हेही सांगितलं. ते मला मान्य आहे. मी पूर्ण दिले नाहीत, तशी नोंद राहणार. पण ती नोंद माझ्या आणि बँकांच्या मध्ये राहील, आमच्या नळाच्या रांगेत नाही.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. जे नियम आहेत त्यांच्या आत राहा. एजन्सीकडे प्रकरण द्यायच्या आधी तिचं नाव मराठीत पत्राने कळवा. येणाऱ्या मुलाच्या हातात अधिकारपत्र द्या, गळ्यात ओळखपत्र अडकवा, आणि ठरावीक पगार द्या. रात्री नको, बोळाच्या तोंडाशी विचारपूस नको, रक्कम मोठ्याने वाचणं नको. कामाच्या ठिकाणी, दुकानदाराला, नातेवाइकाला फोन नको, कारण त्या फोनने आमचं पोट बंद होतं. पैसे बँकेच्या कार्ड खात्यातच घ्या. मुलाच्या मोबाईल नंबरवर आलेला प्रत्येक रुपया चौकशीला लावा, सुरुवात माझ्याकडच्या काज-बटणवाल्या बाईच्या आठ हजारांपासून करा. तडजोड ठरली तर आधी तुमच्या छापील कागदावर सहीचं पत्र, मग पैसे. आणि हप्ते पाडताना आधी एक प्रश्न विचारा, तुमच्या धंद्यात पैसे कुठल्या महिन्यात येतात? विडीवाल्या बाईचं उत्तर वेगळं असेल, टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याचं वेगळं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दुकान लावणाऱ्याचं वेगळं. गड्ड्यावर वर्षाची निम्मी कमाई करणाऱ्या माणसाकडे ऑक्टोबरात आरडाओरडा करून काय हाती लागणार आहे?

हे पत्र माझ्यासारख्या बायकाही वाचतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. फोन उचला. न उचलल्याने ते दार गाठतात, व्याजही थांबत नाही. पण प्रत्येक फोन लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि घरात कुणाला तरी आजच सांगा, तिसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. मी नवऱ्याला सांगायला पाच महिने लावले. तो ओरडला, दोन दिवस बोलला नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन आकडे लावायला बसला. रात्री जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात. मी केला होता.

आमच्या बाईची लेखी तक्रार काल मी तिच्या बँकेला पाठवली. गुरुवारची तारीख, पावणेआठची वेळ, मोटारसायकलचा नंबर (तो अक्कांनी बघून ठेवला होता) आणि आठ हजार ज्या मोबाईल नंबरवर गेले तो नंबर, सगळं त्यात आहे. तीस दिवस आजपासून मोजते आहे. माझा पुढचा २४ हजारांचा हप्ता जुलै अखेरीला आहे. नवी पेठेतल्या दुकानदाराने यंदा ६०० जोड्या परत दिल्या, माल त्याच्याकडे पोचला आहे, पैसे पंचवीस तारखेला देतो म्हणाला. त्यातून तो हप्ता बँकेत जाऊन मी स्वतः भरीन. ऑगस्टचा भरला की खातं बंद झाल्याचं पत्र मला लेखी पाहिजे, सहीशिक्क्यासह. तुमच्या माणसाने ते घरी आणून दिलं तरी चालेल. दिवसा यावं, मी माडीवरच असते.

आपली,
युनिफॉर्म शिवणारी एक बाई
सोलापूर